वाट्याचा पट्टा की सगळा झेंडा?

झेंड्याच्या रंगांचा अर्थ मुलांना सांगणे हे सोपे काम समजले जाते. पुस्तकात तीन ओळी असतात, मुले त्या पाठ करतात. परंतु आमच्या कुरुळीत ते तितके सोपे राहत नाही. पुणे-नाशिक रस्त्यालगतचे हे खेड तालुक्यातले गाव. चाकणची औद्योगिक वसाहत आली, शेतांच्या जागी कारखाने आणि भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. मूळ गावकऱ्यांची, मराठवाड्यातून आलेल्यांची, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची मुले आज एकाच झेंड्याला सलामी देतात. सलामी झाली की त्यांच्यातलेच एखादे पोर सहज बोलून जाते, 'भगवा त्यांचा, हिरवा आपला.' अशा वेळी आम्ही वडीलधाऱ्यांनी काय सांगावे?

'असे काही नसते रे' म्हणून विषय संपवता येतो. पण ते पुरते खरे नाही. मुलाने हा अर्थ हवेतून आणलेला नसतो. १९२१ साली पिंगली वेंकय्या यांनी बेझवाड्याला गांधीजींपुढे लाल आणि हिरव्या रंगाचा झेंडा ठेवला. लाल हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा, असाच त्याचा अर्थ होता. इतर धर्मीयांसाठी गांधीजींनी पांढरा पट्टा घालायला सांगितला, आणि तो सर्वांत वर ठेवला. संख्येने जे लहान त्यांना अग्रमान, ही त्यामागची भावना. मध्ये चरखा होता. हेतू उदात्त होता, यात शंका नाही. तरीही ती वाटणीच होती.

वाटणीचा हिशेब मात्र कधी पुरा होत नाही. शिखांनी विचारले, आमचा रंग कुठे आहे? त्यांचा प्रश्न रास्तच होता. एकाला पट्टा दिला की दुसऱ्याला नाकारायचा कसा? १९३१ साली कराचीच्या काँग्रेसनंतर सात जणांची ध्वज समिती नेमण्यात आली. तिच्यात सरदार पटेल आणि पंडित नेहरू होते. मास्टर तारासिंग, काकासाहेब कालेलकर आणि डॉ. हर्डीकर होते, तसेच मौलाना आझादही होते. या समितीने संपूर्ण केशरी झेंडा सुचवला. ती सूचना मान्य झाली नाही. ऑगस्टमध्ये मुंबईला केशरी, पांढरा आणि हिरवा असा तिरंगा स्वीकारला गेला, आणि त्याबरोबरच हे रंग कोणत्याही जमातीचे नाहीत, असे ठरावानेच सांगितले गेले. केशरी धैर्याचा व त्यागाचा, पांढरा सत्याचा व शांततेचा, हिरवा श्रद्धेचा व शौर्याचा.

या बदलात मुसलमानांनी काय गमावले? एक पट्टा. आणि काय मिळवले? सगळा झेंडा. हिरवा केवळ आमचा असेल, तर उरलेले दोन रंग परक्यांचे ठरतात आणि आम्ही एक तृतीयांश कापडाचे भाडेकरू होतो. हिरवा सर्वांचा असेल, तर केशरीतल्या त्यागावर आमचाही हक्क पोहोचतो. मुलाला समजावायचे ते हेच.

यासाठी सोलापूर आठवावे. ६ एप्रिल १९३० रोजी तिथल्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि 'गझनफर' पत्राचे संपादक कुर्बान हुसेन. तेव्हाचा झेंडा जुन्या अर्थाचाच होता. पण फाशीच्या दोरापुढे कोण कोणत्या पट्ट्याचा, असा हिशेब उरला नाही. मुंबईचा ठराव त्यानंतर सात महिन्यांनी आला. कागदावर यायच्या आधी तो येरवड्यात अमलात आला होता, असे आम्हाला वाटते. आणि येरवडा आमच्यापासून दूर नाही.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने आजचा झेंडा स्वीकारला. चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र आले. मुस्लिम लीगच्या चौधरी खलीकुज्जमाँ यांनीही ठरावाला पाठिंबा दिला. डॉ. राधाकृष्णन यांनी त्या दिवशी हिरव्या रंगाचे आपल्या मातीशी, जिच्यावर सारे जीवन अवलंबून आहे त्या वनस्पतीसृष्टीशी असलेले नाते सांगितले. शेते जाऊन कारखाने आलेल्या आमच्या गावात हा अर्थ मुलांना वेगळा शिकवावा लागू नये.

मग जुना अर्थ लपवावा का? मुळीच नाही. इथल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे की सुट्या भागाच्या ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर असतो. काय बदलले, कधी बदलले, याची नोंद असते. माल नव्या ड्रॉइंगप्रमाणेच काढायचा, पण जुने नव्हतेच असे कोणी म्हणत नाही. झेंड्याचेही तसेच सांगावे. आपल्या आजोबा-पणजोबांनी आधी एक अर्थ लावला, त्यावर वाद घातला आणि अधिक चांगला अर्थ स्वीकारला. ज्या मुलाला हे कळते, त्याला बाहेर कोणी जुना अर्थ ऐकवला तरी तो गोंधळणार नाही.

एक गोष्ट मात्र शिकवणाऱ्यांनीही शिकायला हवी. मुस्लिम मुलाचा सलामीचा हात इतरांपेक्षा बारकाईने न्याहाळला जात असेल, तर तिथे धडा बंद होतो आणि झडती सुरू होते. झडती देणाऱ्याच्या मनात प्रेम रुजत नाही. तसेच आमच्यातल्या ज्यांना कापडाला सलामी देणे खटकते, त्यांनी आदर आणि इबादत यांतला फरक ओळखावा. वडील आले की आपण उठून उभे राहतो, त्याला कोणी सजदा म्हणत नाही.

'हिरवा कुणाचा?' असे पोराने पुन्हा विचारले, तर त्याला सांगावे, हिरवा तुझा आहे, आणि केशरीही तुझाच आहे. शेजारच्या मुलालाही हेच सांगितले गेले, तरच ते खरे ठरेल.