डांबर लावलेली पेटी



घरभेटीला गेलो की चहा ठेवता ठेवता अनेक माता मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. कुणाच्या मुलाचा ताप उतरत नाही. कुणाची मुलगी बारावीला दुसऱ्यांदा बसली आहे. कुणाचा थोरला मिस्साला येईनासा झाला आहे, तर कुणाचा मुलगा वाळूजच्या कंपनीतले कंत्राट संपल्यापासून दिवसभर मोबाईल घेऊन पडून असतो. “फादर, मी नोव्हेना केली, शुक्रवारचे उपास धरले. माझाच विश्वास कमी पडला का?”

हा प्रश्न त्या माउलीच्या मनात आपोआप उगवलेला नसतो. कुणीतरी तो पेरलेला असतो. सासरच्या माणसांनी, शेजारणीने, कधी एखाद्या प्रार्थनासभेत मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसाने. “देवावर सगळं सोपवलं असतंस तर असं झालं नसतं,” असे सांगून ते मोकळे होतात आणि ती बाई रात्रभर जागी राहते. या बोलण्याला शुभवर्तमानात आधार नाही, हे मला आज स्पष्ट लिहायचे आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही प्रभूला असेच विचारले होते, की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानाच्या नवव्या अध्यायात प्रभूचे उत्तर आहे. याचेही नाही आणि त्यांचेही नाही. आजारी मुलाच्या आईला दोष देण्यापूर्वी तो अध्याय उघडून पाहावा.

मग देवावर सोपवणे म्हणजे नेमके काय? निर्गमच्या पुस्तकातील दुसरा अध्याय काढा. फारोने हुकूम सोडला आहे, की इब्री लोकांना मुलगा झाला तर त्याला नदीत टाकावे. मोशेची आई योखेबेद आपले बाळ तीन महिने लपवून ठेवते. तीन महिन्यांच्या बाळाचे रडणे लपवणे काय असते, हे एका खोलीत संसार केलेल्या आपल्या मातांना मी काय सांगावे! पुढे लपवणे अशक्य होते. तेव्हा ती लव्हाळ्याची एक पेटी घेते, तिला डांबर आणि राळ लावते, बाळाला आत ठेवते आणि ती पेटी नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवून देते. बाळाची बहीण थोड्या अंतरावर उभी राहून पाहत असते.

या ओळी मी पुष्कळदा वाचल्या आहेत. या प्रसंगात योखेबेदची एकही प्रार्थना लिहिलेली नाही. तिने प्रार्थना केली नसेल असे मला वाटत नाही, पण पवित्र शास्त्राने नोंद करून ठेवली ती डांबराची. पाणी आत शिरू नये म्हणून तिने फटी बुजवल्या. पेटी भर प्रवाहात सोडली नाही, लव्हाळ्याच्या आडोशाला ठेवली. आपल्या हातून होण्यासारखे जे जे होते ते सर्व तिने केले. त्यानंतर मात्र तिला हात काढून घ्यावा लागला, कारण पुढचे तिच्या हातात नव्हतेच. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात याच आईबापांच्या कृतीला विश्वास म्हटले आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार मला फार कोरडा वाटत असे. देव जगाचा सांभाळ करतो तो आपल्या निर्मितीच्या हातून, आणि कारण होण्याचा मान तो तिलाही देतो, असे ते म्हणतात. धर्मग्रामात आल्यावर हा विचार मला नीट समजू लागला. पहाटे उठून नळाच्या पाण्याची वाट पाहणारी, डबे भरणारी, मुलाला लसीची तारीख चुकू न देणारी आई देवाच्या कामात लुडबूड करत नसते. देव तिच्याच हातांनी मुलाचा सांभाळ करत असतो. म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करून नुसते तेल लावणे, याला मी विश्वास म्हणणार नाही. औषध द्या, आणि जपमाळही म्हणा.

आता जरा जवळचे उदाहरण घेऊ. आपल्या शहरातून पुण्याच्या रस्त्याने निघालो की वाटेत तेव्हाचे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर लागते. तिथे लक्ष्मीबाई टिळक राहत होत्या. त्या कॅथलिक नव्हत्या. टिळक कुटुंब अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. पण मराठी ख्रिस्ती आई म्हटले की मला पहिल्यांदा त्याच आठवतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई सनातनी ब्राह्मण घरातील सून होत्या आणि मुलगा दत्तू लहान होता. नवरा असून नसल्यासारखा. नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढायचे, आणि या मुलाचे पुढे काय होणार हा घोर. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे, हसूही पुष्कळ येते.

नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. काही वर्षांनी त्या नगरला आल्या त्याही आपले सोवळे सांभाळत, स्वयंपाक वेगळा ठेवून. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि उत्तर पटले तेव्हा सोवळे सोडले. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. म्हणजे मधे सुमारे पाच वर्षे गेली. देवाने त्यांना घाई केली नाही.

आणि पुढे सारे सुरळीत झाले का? बालकवी ठोंबरे टिळकांच्या घरी राहत, त्यांनाही लक्ष्मीबाईंनी माया लावली. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, वय अवघे २७. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. लक्ष्मीबाईंचा विश्वास कमी पडला म्हणून हे झाले, असे म्हणण्याची कुणाची छाती आहे?

‘अधीन होणे’ या शब्दाबद्दलही लिहायला हवे, कारण तो आपल्या घरांमध्ये फार सोयीने वापरला जातो. देवाच्या इच्छेला अधीन होणे आणि दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचा मार मुलांदेखत खाणे, या दोन गोष्टी एक नाहीत. मार ही देवाची इच्छा नाही. संत पौलाचे इफिसकरांस पत्र ज्यांना तोंडपाठ आहे, त्या पुरुषांनी पाचवा अध्याय जरा पुढेही वाचावा. ख्रिस्ताने ख्रिस्तसभेसाठी स्वतःला दिले तसे पतीने पत्नीवर प्रेम करावे, असे तिथे आहे. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला. त्याचा आधार घेणारी स्त्री क्रूस टाकून देत नाही. मुलांना घेऊन ती घराबाहेर पडली तर तिनेही फटींना डांबरच लावले, असे मी समजतो. अशा बहिणीला ‘सहन कर, देव बघतो आहे’ एवढेच सांगून कुणी परत पाठवू नये.

मोठ्या झालेल्या मुलांच्या मातांसाठी धन्य कुमारी मरियाकडे पाहू या. येशू बारा वर्षांचा असताना सणाच्या गर्दीत हरवला. मरिया आणि योसेफ यांना तो मंदिरात सापडला तो तीन दिवसांनी. त्याने दिलेले उत्तर त्यांना समजले नाही, असे संत लूक सरळ लिहितो. देवाची आई, आणि तिलाही आपल्या मुलाचे बोलणे कळले नाही! तिने समजल्याचा आव आणला नाही. सारे मनात जपून ठेवले आणि मुलाला घेऊन नाझरेथला घरी गेली. पुढची कितीतरी वर्षे स्वयंपाकपाणी करतच गेली असतील. तुमचा मुलगा मिस्साला येत नसेल तर रोज टोमणे मारू नका. जेवायला वाढा, त्याचे ऐका, आणि त्याचे नाव घेऊन माळेचे एक दशक म्हणा.

शेवटी पुन्हा त्या नदीकाठी उभ्या असलेल्या बहिणीकडे येतो. आई तिथे थांबू शकली नाही, पण पाहायला कुणीतरी होते. म्हणूनच फारोच्या मुलीला पेटी सापडताच ती पुढे झाली आणि दाईसाठी धावत जाऊन आपल्याच आईला घेऊन आली. आपल्या धर्मग्रामातही मातांना अशा माणसांची गरज असते. मूल घाटीत दाखल असले की आई तीन-तीन रात्री स्टुलावर बसून काढते. तिला दोन तास डोळा लागावा म्हणून तिच्या जागी बसायला किंवा घरच्या मुलांना डबा पोचवायला जे तयार असतील, त्यांनी आज मिस्सानंतर कार्यालयात नाव आणि मोबाईल नंबर लिहून द्यावा. पुरुषांनीही द्यावा.

तुमचा धर्मगुरू