रंगाचा पहिला हात

आजचं वाचन गीतेच्या १८व्या अध्यायातलं, श्लोक २६ आणि २७. सात्त्विक कर्ता आपल्याला ओळखीचा असतो: आसक्ती नाही, मीपणा नाही, धीर आणि उत्साह दोन्ही आहेत, काम जमो की फसो, तो ढळत नाही. ऐकायला गोड लागतं, म्हणून आपण तिथेच रेंगाळतो. मी अडकलो ते पुढच्या श्लोकावर. राजस कर्त्याच्या वर्णनात लोभाच्या अगदी शेजारी हिंसा येते. फळ हवंसं वाटणं ठीक, पण त्यातून थेट हिंसा? जरा अतीच होतंय, असं मला नेहमी वाटायचं.

या शनिवारी-रविवारी हॉलची एक भिंत घरीच रंगवायला घेतली. शनिवारी आमची साडेचार वर्षांची कन्या आजीकडे होती, तेवढ्यात पोपडे खरवडणं, लांबी भरणं, पॉलिश पेपर मारणं उरकलं. (घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. आमची बिल्डिंग त्याआधीची. जुन्या रंगाची धूळ मुलांच्या नाकातोंडात नकोच.) संध्याकाळी प्रायमर. रविवारी ती परत आली आणि रंगाचा डबा उघडला.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. ब्रश मुठीपर्यंत बुडवलेला. मास्किंग टेप म्हणजे स्टिकर, म्हणून सोलून फ्रॉकवर लावलेली. एक पाय ट्रेमध्ये, मग तो पाय वर्तमानपत्र संपतं तिथून पुढे फरशीवर. आणि मी नुकत्याच सारख्या केलेल्या ओल्या पट्ट्यावर बोटाने एक फूल.

मी ओरडलो नाही. पण आवाज चढला नाही म्हणजे धीर होता का? त्या क्षणी समोर माझी मुलगी नव्हतीच, भिंत आणि मी यांच्या मधे आलेली काहीतरी अडचण होती. लोभ आणि हिंसा शेजारी-शेजारी का, ते मला तिथे कळलं. फळावर नजर एवढी रुतली की मधे येणारं माणूस माणूस राहत नाही. हात उचलणं, ओरडणं ही नंतरची गोष्ट.

शेजारच्या काकूंनी तोडगा सुचवला: तिला वाटीत नुसतं पाणी द्या, बाल्कनीची भिंत रंगवू दे. तोडगा चांगला आहे. मुलीला ते पाणी आहे हे माहीत असेल तर तो खेळच. पण 'हाही रंगच आहे बरं का' असं सांगून दिलं तर? तिने विचारलंच, "हा खरा आहे?" सोयीसाठी मुलांशी केलेली लबाडी आपण लबाडीत धरत नाही. मला ते पटत नाही. पाणी वाळतं, आणि ती पाहायला परत येतेच.

म्हणून खऱ्या भिंतीचा खालचा दोन फूट भाग तिला दिला. खरा रंग, छोटा ब्रश. वर दुसरा हात बसणार होताच, पण त्यात फसवणूक नाही, पहिला हात माझाही झाकला जाणार होता. फक्त तिने रंग इतका जाड थापलाय की त्याचे ओघळ दुसऱ्या हाताखालूनही दिसतील. पॉलिश पेपरने घासले तर जातील. तिला विचारलं. "नाही! ते माझं आहे." लहान मुलं जन्मतः अनासक्त असतात म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्यासोबत भिंत रंगवून बघावी.

ओघळ अजून तसेच आहेत. उद्या श्लोक २८, तामस कर्ता. त्यात शठ आहे आणि दीर्घसूत्रीही आहे, आणि आमचा दुसरा हात अजून बाकी आहे.