राखण आणि अभय

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा बंद घराच्या भिंती माणसाच्या अंगाइतक्याच तापतात, आणि देहाच्या उष्णतेवरून चोराची चाहूल घेणारा सेन्सर त्या तप्त भिंतीपुढे त्याला ओळखीनासा होतो. हे ज्या कारागिराला ठाऊक असते, तो दाराच्या चौकटीला चुंबकी स्विचही बसवतो, कूलरचा झोत सेन्सरवर येणार नाही असा कोपरा शोधतो, आणि पावसाळ्यात लाकडी दार फुगले की स्विचच्या दोन तुकड्यांतले अंतर पुन्हा जुळवून जातो. आता घरपोच आलेला कॅमेरा गृहस्थ स्वतःच भिंतीला चिकटवतो, मोबाइलशी जोडतो, आणि कारागिराला बोलावण्याचे प्रयोजनच उरत नाही. या स्वावलंबनाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. बेताच्या ऐपतीच्या माणसाला हे साधन लाभले, हे उचितच झाले. मात्र राखणीतून राखणदार वजा केल्यावर जे शिल्लक राहते, त्याने भयाचे निवारण होते काय?

पेशवाईत रामोशी गावाच्या रखवालीचा हक्क घेत, आणि चोरी झाल्यास त्यांनी माग काढावा किंवा नुकसान भरून द्यावे, असा दस्तूर होता. त्या व्यवस्थेत जुलूम होता, जातीचा जाच होता. ती गेली याची खंत नको. परंतु ज्याला जाब विचारता येईल असा एक मनुष्य तीत होता. कॅमेरा चोरीचे चित्र दाखवील. जाब कोण देणार?

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गणनेत अभय पहिले येते. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यावर प्रवचन करताना विनोबांनी सद्गुणांच्या सेनेत अभयाला आघाडीवर आणि नम्रतेला पिछाडीवर ठेवले. मला ती पिछाडी फार मोलाची वाटते. कारण आपले क्षेम दुसऱ्याच्या कसबावर आणि इमानावर अवलंबून आहे, हे मान्य करणे हीच येथे नम्रता होय. जो कचेरीत बसून घटकाघटकेला आपला रिकामा दिवाणखाना मोबाइलवर न्याहाळतो, आणि मांजर आडवे गेले तरी ज्याच्या छातीत धस्स होते, त्याचे भय घरी न राहता त्याच्यासंगे हिंडू लागले आहे.

आज नागपुरातल्या सीताबर्डीच्या कारागिराला बोलावणे येते ते बहुधा गिऱ्हाइकाने आधीच घेतलेले यंत्र नीट बसवून देण्यासाठी, आणि मग मजुरीवरून घासाघीस होते. हा सेन्सर उन्हाळ्यात फसेल, मे महिन्यात मी येऊन पाहून जाईन, असे जर तो म्हणाला, तर त्या शब्दाचा मोबदला काय धरायचा, हे गृहस्थाने त्याच्याशी बसून ठरवावे.