वाहन आणि विवेक

गेल्या महिन्यात आपल्या सभासदांपैकी एका कुटुंबात एक प्रसंग घडला. प्रसंग घरगुती असला, तरी त्यातून निघालेला प्रश्न त्या घरापुरता नाही. म्हणून कुटुंबाच्या संमतीने, नावे न देता, तो येथे मांडीत आहे.

कोठीत राहणाऱ्या या घरातील चिरंजीवांना नोकरी लागून एक वर्ष झाले. कार्यालय हायटेक सिटीकडे. जाताना मेट्रो मिळते. परंतु पाळी संपते मध्यरात्रीनंतर, आणि त्या वेळी मेट्रो बंद झालेली असते. स्वतःच्या पगारातून पैसे साठवून त्याने मोटारसायकल घेण्याचे ठरविले व तसे आईस सांगितले. आईने त्या रात्री जेवणाचे ताट बाजूस सारले. काका म्हणाले, "हा फटफटीवर बसला की परत येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला!" शेजारच्या मावशींनी आपल्या नात्यातील एका अपघाताची हकीगत सविस्तर सांगितली. अखेर कंटाळून तो म्हणाला, "जीव माझा आहे ना? मग त्याची जोखीम मी घेतली, तर इतरांनी का अडवावे?"

हा प्रश्न उद्धटपणाचा म्हणून सोडून देता येणार नाही. सज्ञान मनुष्याने आपले निर्णय आपण घ्यावेत, हे कायदाही मानतो आणि धर्मही मानतो. भीतीच्या कुंपणात वाढलेल्या मुलाला सावधगिरी येत नाही. त्याला केवळ परावलंबन येते. तथापि 'जीव माझा' या दोन शब्दांत जो मालकीचा भाव आहे, तो मात्र तपासून पाहावयास हवा.

आपल्या परंपरेत मनुष्य जन्मतःच ऋणी मानला आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे घेऊनच तो येतो. ज्याच्यावर ऋण आहे, तो आपल्या ठेव्याचा निरंकुश मालक कसा? आपणा सर्वांस परिचित असे उदाहरण घ्यावयाचे, तर देवस्थानाच्या विश्वस्ताचे घ्यावे. देवाचा निधी त्याच्या हाती असतो. योग्य कार्यासाठी तो खर्च करण्याचा त्याला अधिकार असतो, किंबहुना पैसा नुसता कुलुपात ठेवणे हीही कर्तव्यच्युती ठरते. परंतु तो उधळण्याचा अधिकार त्याला नाही. आपल्या देहाचे आपण असेच विश्वस्त आहोत. आणि ज्या अर्थी मुलगा स्वतःचा मालक नव्हे, त्या अर्थी आईवडीलही मुलाचे मालक नव्हेत, हे वडीलधाऱ्यांनीही ध्यानी घ्यावे.

आता भीतीचा विचार करू. ती निराधार आहे काय? सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. म्हणजे आईची धास्ती हा मनाचा खेळ नव्हे. परंतु हे संकट सर्वस्वी दैवाच्या हातचे आहे, असेही नव्हे. १९३५ साली इंग्लंडमध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून जात असता, सायकलवरील दोन मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नात पडला आणि डोक्यास मार लागून काही दिवसांनी मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. केवळ हळहळ करून ते थांबले नाहीत. मोटारसायकलस्वारांच्या डोक्यावरील आघातांचा त्यांनी अभ्यास केला, १९४१ साली तो प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. नंतरच्या अनेक अभ्यासांवरून असे दिसते की, हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या गंभीर दुखापतीचा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो. शोकाचे रूपांतर उपायात कसे करावे, याचा हा वस्तुपाठ आहे. ज्या काळजीतून उपाय निघत नाही, ती काळजी खरी असूनही वांझ राहते.

येथवर आपण स्वाराच्याच जिवाचा विचार केला. त्या मुलाच्या घरीही आठ दिवस तोच चालला होता. मग एके सायंकाळी त्याची आजी, जी आतापर्यंत गप्प होती, म्हणाली, "तू पडशील याची भीती सगळ्यांनी सांगितली. तुझ्या गाडीखाली मी आले तर काय, हे कोणीच बोलले नाही."

या एका वाक्याने वादाचे स्वरूप पालटले. ज्या रेसिडेन्सीच्या कोठीवरून आपल्या भागास हे नाव पडले, तिच्या समोरून एकदा पायी चालून पाहावे. जुन्या पुस्तकांचे विक्रेते, बसकडे धावणारी माणसे, महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुली, सुलतान बाजारात मुलाचा हात धरून खरेदीस निघालेल्या बाया, काठी टेकीत देवदर्शनास येणारे वृद्ध. पदपथ अडलेले असल्याने ही सारी मंडळी रस्त्यावरूनच चालतात. वर सांगितलेल्या २०२२ सालच्या मृतांत सुमारे १९ टक्के पादचारी होते. त्यांनी कोणतीही जोखीम पत्करली नव्हती. 'जीव माझा, जोखीम माझी' हा युक्तिवाद त्यांच्यापुढे टिकत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. स्वाराला जी दहा मिनिटांची बचत वाटते, तिची किंमत दुसराच कोणी मोजीत असतो. म्हणून वाहन चालविणे हा केवळ धाडसाचा विषय राहत नाही, तो अहिंसेचा विषय होतो.

कठोपनिषदात देहाला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना अश्व म्हटले आहे. त्या रूपकात सारा भार सारथ्यावर आहे. यंत्राचेही तसेच आहे. मोटारसायकल सज्जनही नव्हे, दुर्जनही नव्हे. मोकळा रस्ता दिसताच मूठ पिळण्याची जी ऊर्मी उठते, तिचा लगाम कोणाच्या हाती आहे, एवढाच प्रश्न उरतो.

या संदर्भात आपल्या एका प्रथेविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. खंडेनवमीस व दसऱ्यास, तसेच नवे वाहन घेतल्यावर, आपण ते देवळापुढे आणतो. हळदकुंकू लावतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. प्रथा सुंदर आहे. परंतु तीच गाडी पूजा आटोपून निघते, तेव्हा पुष्कळदा हेल्मेट कोपराला अडकविलेले असते आणि चौकातील पोलीस दिसताच ते डोक्यावर चढते! पूजा म्हणजे विम्याचा हप्ता नव्हे. पूजा हा संकल्प आहे. देवासमोर दिलेले वचन पाळणे आपल्याकडे असते. याहून गंभीर चूक काही घरांत कौतुकाने होते. अठरा वर्षेही न झालेल्या मुलाच्या हाती वडील गाडीची किल्ली देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने अशा पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. अति भयाने अडविणे आणि अति मोहाने मोकळे सोडणे, या दोहोंत विवेकाचा अभाव सारखाच आहे.

त्या घरी शेवटी काय ठरले? मुलाने आधी रीतसर शिकून परवाना काढला, मग गाडी घेतली. गाडीबरोबर आय.एस.आय. चिन्हाची दोन हेल्मेटे घेतली. एक स्वतःसाठी, एक मागे बसणाऱ्यासाठी. पहिले सहा महिने मागे कोणासही बसवावयाचे नाही, असे त्याने आपण होऊन सांगितले.

आणि आईनेही एक नियम स्वीकारला. पहिल्या आठवड्यात तो रात्री निघाला की ती दर दहा मिनिटांनी दूरध्वनी करी, आणि तो चालत्या गाडीवर, हेल्मेटमध्ये यंत्र खुपसून, "येतोय गं आई" असे उत्तर देई. ज्या अपघाताचे भय तिला वाटे, त्यालाच तिची काळजी निमंत्रण देत होती! हे उमगल्यावर तिने ठरविले की, निघताना त्याने एकदा कळवावे. त्यानंतर तो दारात येईपर्यंत आपण फोनला हात लावावयाचा नाही. संयम केवळ वेगालाच हवा असे नाही, वात्सल्यालाही हवा.

काकांचे समाधान अद्याप झालेले नाही. धाकट्या बहिणीनेही आता विचारले आहे की, हेच नियम मी पाळले तर मला गाडी का नको? या प्रश्नाला घरात कोणापाशी उत्तर नाही. आमच्या मते नियम एक असेल, तर उत्तरही एकच असावयास हवे.

आई अजून रात्री गॅलरीत उभी असते. ती उभी राहू नये, असे आम्ही म्हणणार नाही. त्या अर्ध्या तासात ती नामस्मरण करते. तिचा मुलगा त्या वेळी कोठेतरी एखाद्या वृद्धास रस्ता ओलांडू देण्यासाठी गाडी थांबवीत असेल, तर तिचे नामस्मरण सार्थकी लागले असे समजावे. परमेश्वर सर्वांस सुखरूप घरी आणो, आणि आपल्यामुळे कोणाचे घरी येणे न खुंटो, हीच प्रार्थना.