पानांच्या फटी आणि गोल कवडसे

आजचं चिंतन गीतेच्या तेराव्या अध्यायातल्या शेवटून दुसऱ्या श्लोकावर. भगवंत सांगतात, एकटा सूर्य जसा हे सगळं जग उजळतो, तसा क्षेत्रज्ञ, म्हणजे आतला जाणणारा, हे सगळं क्षेत्र उजळतो.

आधी एक कबुली. इथे रोज लिहिते, पण गेले दोन महिने जपाची माळ हातात घेतलेली नाही. बसलं की दुसऱ्या मिनिटाला मन ऑफिसच्या ग्रुपवर. असला तुटका जप देवाला कशाला, म्हणून सोडूनच दिला.

गेल्या रविवारी भीमाशंकरला गेले. ज्योतिर्लिंगाचं दर्शन झालं, मग गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर कॅमेरा घेऊन रेंगाळले. जंगलात फोटो काढणं सोपं नसतं हो. कवडसा इतका झगझगीत आणि शेजारची सावली इतकी गडद, की कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाही. ऑटोवर ठेवलं तर तो सावलीकडे बघून एक्स्पोजर वाढवतो आणि कवडसे पांढरेफटक पडतात. त्यातून नंतर काहीच परत मिळत नाही. म्हणून एक्स्पोजर कवडशावर धरायचं, सावली काळी दिसली तरी चालेल. रॉमध्ये काढलं असेल तर अंधारातलं बरंच काही वर आणता येतं. (शेकरूही दिसलं, पण फोटोत फक्त शेपूट!)

घरी येऊन फोटो मोठे करून बघताना लक्षात आलं, की वरच्या फटी वेड्यावाकड्या, पण खालचे कवडसे जवळजवळ सगळे गोल नाहीतर लंबगोल. बाबा भौतिकशास्त्र शिकवायचे, त्यांना विचारलं.

"अगं, प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र. फट म्हणजे पिनहोल कॅमेराच. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात आपल्या आंब्याखाली सगळे कवडसे कोरीसारखे झाले होते, आठवतं?"

मग गणितही सांगितलं. सूर्य त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट लांब आहे, त्यामुळे १० मीटर वरच्या फटीतून पडलेलं चित्र सुमारे ९ सेंटिमीटर रुंद. १०८ ऐकून मला लगेच माळेचे मणी आठवले. बाबा म्हणाले, "सरासरी १०७ च्या थोडं पुढे येतं, उगाच चमत्कार करू नकोस."

"म्हणजे फट कितीही वाकडी असली तरी चालते?"

"लहान असली तर. मोठी झाली की सूर्याचं चित्र उमटत नाही, फटीचाच आकार पडतो."

हे ऐकल्यापासून हा श्लोक मनातून जात नाहीये. दृष्टांत पुरता जुळत नाही, मान्य. सूर्य बाहेर आहे, क्षेत्रज्ञ आतच आहे. पण मी दोन महिने माझ्या मनाचा वाकडेपणा मोजत बसले होते, आणि तो तर आड येतच नव्हता. 'माझा जप नीट झाला पाहिजे' यातला 'माझा' मात्र चांगलाच रुंद झाला होता.

काल रात्री माळ काढली. चोवीस मणी झाले आणि मन परत ग्रुपवर गेलं. पंचविसावा मणी ओढला.

उद्या याच अध्यायाचा शेवटचा श्लोक घेऊ. जय हरी!