वयाचा दाखला आणि शिक्षेची मुदत

गुन्हा एका क्षणात घडतो; शिक्षा वर्षानुवर्षे चालते. तो क्षण कधी बदलत नाही, माणूस मात्र बदलत राहतो. न बदलणाऱ्या क्षणाची किंमत बदललेल्या माणसाने कुठवर मोजीत राहावी? खुनी कोवळ्या वयाचा असला म्हणजे हा प्रश्न फारच अवघड होतो.

२६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एका घरातील पाच स्त्रिया आणि दोन मुले मारली गेली. स्त्रियांपैकी एक गरोदर होती. पुढे आरोपींना फाशी ठोठावण्यात आली. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अवघा बारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते २७ मार्च २०२३ रोजी. तोवर त्याची अठ्ठावीस वर्षांहून अधिक उमर गजांआड गेली होती. त्याचे वय ठरले ते शाळेच्या दप्तरावरून!

मास्तरकी करणाऱ्याला ही गोष्ट सुखाने झोपू देत नाही. आमच्या मांडवगण फराट्यासारख्या भीमाकाठच्या गावी शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारावी, तर तो सांगे, 'पूर आला त्या साली झाला.' मग मास्तर दप्तरात १ जून मांडून मोकळे! त्याच शाईवर एखाद्याचे आयुष्य तोलले जाईल, हे कोणाच्या मनात येणार?

कायद्याला रेषा आखावीच लागते, हे खरे. २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वये सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालला, तरी तो एकवीस वर्षांचा झाल्यावर सुधारला की नाही हे बाल न्यायालय पाहते. अठरावे वर्ष पुरे होऊन एकच दिवस लोटलेल्याला मात्र खुनासाठी जन्मठेप झाली, तर १९७८ पासूनच्या नियमाप्रमाणे चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्यावाचून सुटका नाही. एका रात्रीत माणूस एवढा पालटतो काय? इंग्लंडात गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आत असलेल्यांना निम्मी किमान मुदत भोगल्यावर फेरविचार मागता येई; २०२२ च्या कायद्याने, शिक्षा होतेवेळी अठरा पुरी झालेल्यांचा तो हक्क गेला. तिथेही तारखेनेच बाजी मारली.

कोणी म्हणेल, मेलेल्याच्या मुदतीचा फेरविचार कोण करणार? या आक्षेपाला माझ्यापाशी उत्तर नाही, आणि ज्याच्यापाशी ते आहे असे वाटते, त्याने त्या घरच्या माणसांसमोर उभे राहून ते देऊन पाहावे. त्यांच्या दुःखाला मुदत नसते.

परंतु फेरविचार म्हणजे माफी नव्हे. शेतकरी उभे पीक पाहायला बांधावर जातो, तेव्हा त्याने कापणी ठरवलेलीच असते असे नाही. कणीस भरले नसेल, तर तो परत फिरतो. तरुण कैद्याकडेही ठराविक काळाने असे जाऊन पाहावे. मृताच्या नातलगांचे म्हणणे आधी ऐकावे. कैद्याला आपल्या कृत्याचे खरे वजन कळले आहे काय, हे कसून तपासावे. कळले नसेल, तर दार बंदच राहू द्यावे.

दार बंद ठेवण्याचा अधिकार समाजाला आहे. आत कोण आहे हे न पाहण्याचा मात्र नाही.