रक्त देणे : केवळ सवलत की कर्तव्य?



दिव्य कुरआनने रक्ताचे सेवन निषिद्ध ठरविले आहे. मग एकाचे रक्त दुसऱ्याच्या शिरेत चढविणे वैध कसे? अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात. प्रसूतीत अतिरक्तस्राव झालेली माता किंवा थॅलेसेमियाग्रस्त बालक ज्या घरात असेल, त्या घराला हा प्रश्न केवळ चर्चेचा नसतो.

उत्तर निषेधाच्या आयतीतच आहे. सूरह अल-बकराच्या 173 व्या आयतीत, जो विवश आहे आणि अवज्ञेची इच्छा न बाळगता मर्यादेत राहतो, त्याला दोष नाही असे स्पष्ट केले आहे. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी ‘मआरिफुल कुरआन’मध्ये रक्ताची तुलना स्त्रीच्या दुधाशी केली आहे. दोन्ही मानवी देहाचे अंश असून देह न कापता दुसऱ्यास देता येतात. म्हणून जीव धोक्यात असता रक्त घेणे वैध ठरते.

परंतु विचार येथे थांबू नये. रक्त कोणत्याही कारखान्यात बनत नाही. तांबड्या पेशी शीतपेटीत सुमारे 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट तर अवघे पाच दिवस. संकट आल्यावरच देऊ असे सर्वांनी ठरविले, तर विवश माणसाला मिळालेली सवलत कागदावरच राहील. घेणे वैध असेल, तर कोणीतरी आधी दिलेले असलेच पाहिजे.

आपण दिलेले रक्त कोणाला मिळेल, हे आपल्याला ठाऊक नसते. 1901 साली कार्ल लँडस्टायनर यांनी दाखविलेले रक्तगट धर्म वा जात पाहत नाहीत. सूरह अल-माइदाच्या 32 व्या आयतीतही एक जीव वाचविण्याला अखिल मानवजात वाचविण्याचे मोल दिले आहे.

रक्ताची किंमत घेण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केल्याची हदीस बुखारीत आहे. भारतातही सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर रक्तविक्री बंद झाली. रक्तपेढी आकारते ते तपासणी व साठवणुकीचे शुल्क होय.

वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 असेल, तर वैद्यकीय तपासणीनंतर पुरुषांनी 90 व स्त्रियांनी 120 दिवसांच्या अंतराने रक्त द्यावे. रमजानमध्ये रोजाने अशक्तपणा येऊ नये म्हणून इफ्तारनंतर द्यावे. आपल्या आप्तासाठी कोणी अनोळखी माणूस धावून यावा अशी अपेक्षा असेल, तर एखाद्या अनोळखी माणसासाठी आपणही आधीच जाऊन यावे.